थोरलीचं मागणं

आमच्या नातीला एक वाईट खोड आहे. समोरचं माणूस बोलत असलं की ती तोंड उघडत नाही. हूं नाही की चूं नाही. नुसती मान हलवते, आणि तीही इतकी बेतानं की जणू मानेलाही आवाज असतो. तुम्ही म्हणाल, ही कसली खोड, हा तर गुण झाला. आमच्या घरात हा गुण दुसऱ्या कुणात नाही, म्हणून मलाही आधी त्याचं कौतुकच वाटलं होतं.

ती मोठ्या कॉलेजात असते. ज्या भाषा बोलणारी माणसं संपत चाललीत, त्या भाषा टिपून ठेवायच्या, हे तिचं काम. कुठली आधी संपणार याची यादी असते म्हणे, आणि आमची बोली त्या यादीत अगदी वर. आमच्या घराण्यात कुणाचा कधी वरचा नंबर आला नव्हता, तो असा आला. त्या लोकांनी बोलीला एक लांबलचक नावही देऊन टाकलंय. आम्ही तिला कधी नाव दिलं नव्हतं. नावं मात्र सगळ्यांनी ठेवली, आणि सगळ्यांत जास्त माझ्या सुनेनं. नात बोलायला लागली तेव्हा सून म्हणाली, "आई, तिच्याशी ते तुमचं नका बोलू, शाळेत मागं पडेल." पोर मागं पडली नाही. इतकी पुढं गेली की वळून तेच शिकायला परत आली. तेव्हा तिच्या आईनंच गल्लीभर सांगितलं की आमच्या मुलीनं फार अवघड विषय घेतलाय.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर. नवऱ्यानं सुरू केली, तो गेल्यावर मी चालवली, आता मुलगा चालवतो असं त्याला वाटतं. माझी शाळा चौथीत सुटली, पण काउंटरवर बसून मला जेवढ्या भाषा आल्या तेवढ्या माझ्या मास्तरणीलाही येत नसतील. गिऱ्हाइकाशी बाजाराची, हॉटेलवाल्यांशी साहेबाची, इस्त्रीवाल्याशी त्याच्या गावाकडची, सुनेच्या माहेरच्यांशी त्यांची. डाग आधीचा की आमच्याकडे पडलेला यावरून भांडायचं तर ज्याच्या त्याच्या भाषेतच भांडावं लागतं, त्याशिवाय लागत नाही. आमची बोली मात्र मी फक्त थोरलीशी बोलायची.

थोरली म्हणजे माझी मोठी बहीण. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर माझ्याकडे आली ती कायमचीच. वरच्या मागच्या खोलीत आम्हा दोघींच्या खाटा, मध्ये स्टूल, स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि तिच्या चष्म्याची डबी. दुपारी हॉटेलच्या चादरी वाळून वर यायच्या. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या, झटकायचं, जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, लांब जायचं, आणि तोंडं सारखी चालू. आम्ही काय बोलतोय ते कुणाला कळायचं नाही, आणि बहुतेक वेळा ते कळू नये असंच असायचं. सून मध्येच म्हणायची, "माझ्याबद्दल चाललंय ना?" थोरली म्हणायची, "हिला आमची बोली येते वाटतं."

मग थोरलीला झटका आला. उजवा हात गेला आणि त्याच्यासोबत बाकीच्या सगळ्या भाषा गेल्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मागाहून शिकलेलं आधी जातं. तिच्याजवळ उरली ती आमची बोली, आणि त्या बोलीत उरले मी. तिचं घरच्यांना सांगायचं आणि घरच्यांचं तिला, हे माझं काम झालं. मला त्याचा कंटाळा नव्हता. उलट घरच्यांना सांगताना मी तिचे टोमणे तेवढे गाळायची, म्हणून घरात शांतता होती.

आणि मग मी पडले. धुण्याच्या मशीनपाशी पाणी सांडलं होतं, पुसायचं कुणाला सुचलं नव्हतं. खुबा मोडला. आत सळी घातली आणि जिना बंद. दोन म्हाताऱ्या अंथरुणात आणि करणारी सून एकटी. तिचंही खरं होतं, मी नाही म्हणत नाही. मुलानं ठरवलं, मावशीला काही दिवस म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये ठेवू, आई चालायला लागली की परत आणू. ते नर्सिंग होम आमचंच गिऱ्हाईक. तिथल्या चादरी, अभ्रे, पांघरुणं आमच्याकडेच धुवायला येतात, एक दिवसाआड आमचा टेम्पो तिथं जातो. परकं ठिकाण नव्हे, असं मुलगा म्हणाला. चादरीला परकं नसेल.

मी थोरलीला समजावलं, "मी पायावर उभी राहिले की त्याच दिवशी तुला आणते." तिला खुर्चीत बसवून दोघांनी उचललं. लाँड्रीत प्रत्येक कपड्याला आतून खूण करतात, नाहीतर याचा सदरा त्याच्या घरी जातो. जिन्याच्या तोंडाशी थोरली मला म्हणाली, "खूण करून पाठव गं, नाहीतर येताना टेम्पोतून दुसरीच म्हातारी यायची." आम्ही दोघी इतक्या हसलो की उचलणारे घाबरले. त्यांना वाटलं, पुन्हा झटका आला.

नात आली ती त्याच सुमाराला, आवाज भरून घ्यायचं मशीन घेऊन.

आली, जेवली, आणि थोरलीचा कोपरा टेपनं मोजायला लागली. घरात दुसरी रिकामी जागा नव्हती हे खरं. थोरलीची खाट उभी करून दारामागं गेली. तिच्या जागी टेबल आलं, टेबलावर मशीन आणि केसाळ टोपी घातलेला माइक. आवाज घुमतो म्हणाली. भिंतीला जाड काहीतरी हवं. मी म्हटलं, खाली पांघरुणांचा ढीग आहे, घे हवी तेवढी. तिनं भिंतीवर पांघरुणं ठोकली, खिडकीवर ठोकली. खोली अशी गरम आणि मुकी झाली की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. मग फ्रिज बंद, मिक्सर बंद, नळ बंद. खाली जाऊन इस्त्रीवाल्यालाही सांगून आली की इस्त्री आपटू नका. तो जिन्यातून ओरडला, "मालकीणबाई, मशीनवाली ताई म्हणते हळू. गोंजारून कॉलर बसते का कधी?"

सुरुवातीला तिनं अंगाचे अवयव विचारले. "गुडघ्याला काय म्हणता?"

मी म्हटलं, "दुखतो त्याला की बऱ्या असलेल्याला?"

हसली नाही. लिहून घेतलं. मग मारामारी काढली. 'त्यानं तिला मारलं' कसं म्हणायचं, 'तिनं त्याला मारलं', 'ते आम्हाला मारणार होते पण त्यांनी मारलं नाही'. अख्खी सकाळ हेच. दुपारी इस्त्रीवाला सुनेला हळूच म्हणाला, "वहिनी, वर कुणाची हाणामारी चाललीय एवढी? घरातलं आहे म्हणून मी पडलो नाही मध्ये." शिव्याही विचारल्या तिनं. त्या मी मनापासून दिल्या, उदाहरणाला तिची आईच घेतली. तेवढ्या दिवशी माझा खुबा अजिबात दुखला नाही.

पण तिचं ते गप्प बसणं. मी काही सांगायला लागले की ही पुतळ्यासारखी. मी म्हटलं, "अगं, हं तरी म्हण. मी भिंतीशी बोलत्येय का?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं, मशीन बंद केलं आणि मग म्हणाली, "आजी, मी मध्ये बोलले की माझा आवाज तुझ्या आवाजावर पडतो. मग ते वापरता येत नाही. आमचे सर म्हणतात, बोलणाऱ्याला बोलू द्यायचं, आपण तिथं नाहीच असं समजायचं."

"पण तू आहेस ना."

"आहे. मशीनला मी नकोय."

एक दिवस तिनं विचारलं, 'मला पाणी दे' कसं म्हणायचं. मी सांगितलं, लहान पोर असेल तर असं म्हणेल.

"आणि तू म्हणशील तर?"

"मी कशाला म्हणेन? मी काय लहान आहे?"

मग मी तिला नीट समजावलं. आमच्यात 'मला' म्हणून पोरंच मागतात. मोठं माणूस स्वतःसाठी तसं मागत नाही, लाज वाटते. ते म्हणतं, एक बाई आहे, तिचा घसा सुकलाय. ऐकणाऱ्यानं कोण बाई, कुठली बाई असं विचारायचं नाही. 'बरं, मग?' म्हणायचं आणि उठायचं. उठलं की समजायचं, मिळणार. बसून राहिलं की समजायचं, नाही. मग मागणाऱ्यानं विषय बदलायचा, पाऊसपाणी, कोंबड्या, काहीही, आणि तेच पुन्हा मागायचं नाही. कुणी मागितलं नाही, कुणी नाकारलं नाही. दोघांची अब्रू राहते.

नात माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आजी, किती सुंदर आहे हे."

"सुंदर काय त्यात? तहान लागली की पाणी मिळतं."

पण खोटं कशाला बोलू, मी खूश झाले. पुढं तिनं जे पुस्तक केलं, त्यात यावर एक अख्खं प्रकरण आहे. त्याच संध्याकाळी मी मुद्दाम तिची परीक्षा घेतली. आमच्या बोलीत म्हटलं, "एक बाई आहे, दिवसभर बोलून बोलून तिच्या जिभेचं लाकूड झालंय." नातीनं आमच्याच बोलीत "बरं, मग?" म्हटलं आणि उठून तांब्या घेऊन आली. जराही चुकली नाही. मी पाणी प्यायले आणि मनात म्हटलं, सापडलं. थोरलीचं ऐकणारं आणखी एक माणूस सापडलं.

कारण थोरलीचं तिथं कुणी ऐकत नव्हतं. फोन कानाला लावला की ती फोनकडेच बघत राहायची, माझा आवाज कुठून येतोय ते तिला कळायचं नाही. मुलगा रविवारी जायचा आणि मोठ्यानं बोलायचा, जणू भाषा कानात अडकलीय. नर्सा हातवारे करायच्या. मी नातीला म्हटलं, "तू जा. तुझं मशीन ने, पण माझे कानही ने. ती काय म्हणते ते मला येऊन सांग. तिला काही हवं नको बघ. ती काही 'मला' म्हणून मागायची नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे, आजी," नात म्हणाली.

ती जायला लागली. परत आली की गाल लाल झालेले असायचे. "आजी, तिची बोली तुझ्याहून जुनी आहे. काय एकेक शब्द वापरते."

"ते राहू दे. कशी आहे?"

"छान आहे."

"काही मागितलं?"

"नाही. गोष्टी सांगते."

"गोष्टी? थोरली?" थोरलीला गोष्ट कधी सांगताच आली नाही. ती आधी शेवट सांगून मोकळी व्हायची, मग मधलं आठवत बसायची. "मला ऐकव की."

"अजून साफ करायचंय. मागं पंख्याचा आवाज आहे."

पुढच्या वेळी विचारलं तेव्हाही पंख्याचाच आवाज होता.

मी तोवर वॉकर धरून उभी राहायला लागले होते. खाटेपासून दारापर्यंत, दारापासून जिन्यापर्यंत. मला घाई झाली होती. सळीवाल्या डॉक्टरांना मी म्हटलं, मला जिना तेवढा उतरू द्या, बाकी काही नको. ते म्हणाले, आजी, घाई कसली. आणि मला थोरलीचा रागही यायचा. मानी होतीस, कबूल, पण धाकटीपाशी कसला मान? एक शब्द पाठवला असतास तर मी मुलाचं डोकं खाऊन तुला उचलून आणवली असती, जिना असो नाहीतर डोंगर असो. तू मागितलंच नाहीस.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते तेव्हा खाली फोन वाजला. मुलानं घेतला. त्याच्या पाठीवरूनच मला कळलं. गारठ्यानं थोरलीची छाती भरली, दोन दिवसांत खेळ संपला. वय झालं होतं, सगळे म्हणाले. वय माझंही झालंय. नर्सिंग होममधून तिच्या चष्म्याची डबी आली. दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात तिची चादरही आली असणार. मी खाली निरोप पाठवला, ती बाजूला काढा. इस्त्रीवाला वर आला आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, "कुठली काढू, मालकीणबाई? सगळ्यांवर एकच खूण आहे."

त्यानंतर काही महिन्यांनी नातीचं पुस्तक झालं आणि कॉलेजात कार्यक्रम ठरला. मी जिना उतरू लागले होते. माझे कपडे इस्त्रीवाल्यानं स्वतः केले, कुणाला हात लावू दिला नाही. मला पहिल्या रांगेत बसवलं, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून. नात स्टेजवर उभी राहून बोलत होती आणि चांगलं बोलत होती. ही बोली अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती आपल्यात बसली आहे, असं म्हणाली तशी सगळी माणसं माना वळवून माझ्याकडे बघायला लागली, विकायला काढलेल्या जुन्या कपाटाकडे बघतात तशी. मी ताठ बसले.

मग ती म्हणाली, या बोलीतली एकच गोष्ट आपल्या हाती लागली आहे, आणि तीही अपुरी. दिवे मंद केले. पडद्यावर अक्षरं उमटली आणि थोरली बोलायला लागली.

"एक बाई होती," थोरली म्हणाली. "तिची खाट दारापाशी होती. दार सारखं उघडायचं आणि वारा तिच्या पायांवरून जायचा. पाय तिचेच, पण तिला ते दुसऱ्या कुणाचे वाटायचे, इतके गार. पायांवर टाकायला काही नव्हतं."

मग काही नाही. पंख्याचा आवाज. तिथं एक 'बरं, मग?' हवं होतं, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज हवा होता. नुसता पंखा फिरत होता. मग थोरली खाकरली आणि आमच्या लहानपणीच्या कोंबड्यांबद्दल बोलायला लागली. पडद्यावर लिहून आलं, 'इथे गोष्ट तुटते.'

माझे हात वॉकरवर गेले ते माझं मलाच कळलं नाही.

नात स्टेजवरून सांगत होती, पुढच्या भेटीत तिनं गोष्ट पुन्हा धरली. पुन्हा धरली. आमच्यात दुसऱ्यांदा मागत नाहीत. थोरलीसारखी बाई, जिनं नवऱ्याकडे कधी दुसऱ्यांदा काही मागितलं नाही, तिनं दुसऱ्यांदा मागितलं होतं. आवाज बारीक झाला होता.

"त्या बाईची एक धाकटी होती. कपड्यांच्या घरात राहायची. बाईला धाकटीशेजारी निजायचं होतं. फार जागा नको होती तिला. कोपरा चालला असता."

पंखा. बराच वेळ पंखा. आणि मग थोरली म्हणाली, "बरं. धाकटी बरी आहे ना?"

पडद्यावर आलं, 'शेवट उपलब्ध नाही.'

मी उठले. वॉकर पुढं घेतला, खुब्यात कळ गेली, पण सरळ उभी राहिले आणि आमच्या बोलीत म्हणाले, "बरं, मग?" चांगलं मोठ्यानं म्हणाले. अंधारात कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. सून माझा हात धरून कानाशी म्हणाली, "आई, बाथरूमला जायचंय का?"

स्टेजच्या मागं एक खोली होती. भिंतीशी एकावर एक रचलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात लोकांच्या पिशव्या. सुनेनं मला तिथं नेलं आणि पाणी आणायला गेली. नात धावतच आत आली.

"आजी, त्रास झाला का? मला आधी सांगायला हवं होतं. तिचा आवाज असा अचानक..."

"ती गोष्ट नव्हती."

तिनं मान हलवली, नेहमीसारखी, आवाज न करता.

"मान हलवू नकोस. इथं मशीन नाही. बोल."

"तिथे बसले होते तेव्हा नाही कळलं, आजी. खरंच. इतके महिने एकही गोष्ट मिळाली नव्हती. सर सारखे विचारायचे. आणि ती 'एक बाई होती' म्हणाली आणि मी श्वास रोखून बसले, की हिला आता थांबवायचं नाही."

"मग कधी कळलं?"

"घरी येऊन लिहून काढताना."

"पहिल्या वेळेचं?"

"हो."

"म्हणजे दुसऱ्या वेळी गेलीस तेव्हा माहीत होतं."

ती पिशव्यांकडे बघत राहिली. म्हणाली, "मी नर्सला पांघरुणाचं सांगणारच होते. पण जाऊन बसले आणि तिनं परत सुरुवात केली. मला वाटलं, पूर्ण होईल. मध्ये बोलले असते तर तुटलं असतं. आणि तुला सांगून काय झालं असतं? तू जिना उतरू शकत नव्हतीस. नुसती तळमळली असतीस."

"मला उतरता येत नव्हतं. पांघरूण उतरलं असतं. टेम्पो जात होता."

एक दिवसाआड टेम्पो जात होता. माझ्या दुकानातून, माझ्या माणसांच्या हातून, त्याच नर्सिंग होममध्ये पांघरुणांचे गठ्ठे जात होते आणि उरलेली पांघरुणं थोरलीच्या कोपऱ्यात भिंतीला ठोकलेली होती, मशीनला स्वच्छ ऐकू यावं म्हणून. तो कोपरा हवा होता म्हणून तिनं सांगितलं नाही, असं मी म्हणत नाही. तसं तिच्या मनातही आलं नसेल. पण थोरली परत आली असती तर टेबल हललं असतं, हेही खरं.

आणि थोरलीला काय कळलं असेल? समोर बसलेली पोर माझी. माझ्या घरून आलेली, मी पाठवलेली, आमची बोली कळणारी. तिच्यासमोर थोरलीनं लाज सोडून दोनदा मागितलं आणि दोन्ही वेळा ती पोर बसून राहिली. धाकटीनं माणूस पाठवून 'नाही' सांगितलं, हेच कळलं असेल. तरी विचारते कशी, धाकटी बरी आहे ना.

नात रडत होती. बाहेर सर कुणाला तरी हसून काही सांगत होते, तिचं नाव ऐकू येत होतं. ती माझ्या अगदी जवळ आली, आणि आमच्या बोलीत म्हणाली, "एक मुलगी आहे. तिच्या हातून वाईट झालंय. तिला तिच्या आजीनं जवळ घ्यायला हवंय."

इतकं नेमकं म्हणाली की थोरलीलाही खोट काढता आली नसती. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी वॉकर धरून उभीच होते. खुर्च्यांच्या चळतीशेजारी एक सुटी खुर्ची होती, ती मी हातानं ओढली, आणि तिच्यासमोर बसले. नीट, पाठ टेकून बसले. तिला कळलं. कळायलाच हवं, मीच शिकवलेलं.

मग मी बाजाराच्या भाषेत बोलले.

"तुला बोली आली, पोरी. कुणी विचारलं तर सांग, आजीनं पास केलं. आता सरळ सांगते, कारण आडून बोलतात ते आपल्या माणसाशी. घरी गेलीस की तुझं टेबल माझ्या खोलीतून काढ आणि थोरलीची खाट होती तिथं मांड. भिंतीवरची पांघरुणं उतरव, टेम्पोत घाल. दारापाशी आता दुसरी कुणी असेल. माझ्याकडून तुला यापुढं एक शब्द मिळणार नाही, शिवीसुद्धा नाही. बोली मरतेय म्हणून धावत आलीस, आणि म्हातारी मागत होती तेव्हा बसून राहिलीस. आमच्यात बसून राहणं म्हणजे काय, ते तूच पुस्तकात लिहिलंयस. थोरलीला तू 'नाही' म्हणालीस, आणि तेही माझ्या तोंडानं."